जमशेटजींचा लाख

पुण्याहून बंडगार्डनच्या बाजूने येरवड्याकडे जावयाचे म्हणजे नदी ओलांडावी लागते. तेथे नदीला घातलेला जो जुना बंधारा दिसतो तो सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1850 च्या सुमारास झाला. पुणेकरांना पाणी मिळावे म्हणून मुंबईच्या एका पारशी गृहस्थाने पैसे दिले, आणि पुणेकरांनी पुढे त्या बंधाऱ्यालगतच्या बागेत फिरावयास जाताना त्याचे नाव मनातून काढून टाकले. बंधाऱ्याशेजारी फिट्झजेराल्ड पूल आहे, तो 1867 सालचा. आणि पुलापलीकडे, किंचित चढावर, झाडीच्या आड काळ्या दगडाची एक लांबलचक इमारत उभी आहे. टोकदार कमानींच्या ओवऱ्या, उंच उतरती छपरे, एक मनोरा. तीतही जमशेटजींचा एक लाख रुपया आहे. तो लाख रुपया या लेखाचा नायक आहे, असे म्हटले तरी चालेल.

ही इमारत डेक्कन कॉलेजची. नाव सर्वांना ठाऊक असते, पण त्या आवारात सहज म्हणून गेलेला पुणेकर विरळा. शनिवारवाडा पाहुण्यांना दाखवावयाचा असतो, पर्वती चढावयाची असते, फर्ग्युसनच्या रस्त्याने तर रोजच जावयाचे असते. डेक्कन कॉलेज मात्र नदीपलीकडे राहिले. ते तसे राहिले म्हणूनच त्याच्या हातून काही गोष्टी घडल्या.

मुळापासून सांगावयाचे तर पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेपासून सुरुवात करावी लागेल. दूरदूरचे वैदिक आणि शास्त्री श्रावणात पुण्यास येत, परीक्षा देत आणि दक्षिणा घेऊन परत जात. 1818 साली राज्य गेले. नव्या राज्यकर्त्यांपुढे प्रश्न पडला, या दक्षिणेचे काय करावयाचे? ती एकदम बंद केली तर विद्वान मंडळी बिथरणार. चालू ठेवली तर कंपनीचे हिशेबनीस बिथरणार. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा माणूस धोरणी. त्याने मधला मार्ग काढला. दक्षिणेच्या निधीतील काही रक्कम काढून पुण्यात एक पाठशाळा उघडावी, तेथे शास्त्रे शिकवावीत, म्हणजे विद्येचा मानही राहील आणि पैसाही अगदीच वाया गेला असे होणार नाही. दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याने ते काम तडीस नेले आणि 6 ऑक्टोबर 1821 रोजी 'हिंदू कॉलेज' सुरू झाले.

आणि ते कोठे सुरू झाले, तर विश्रामबागवाड्यात! दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेला हा वाडा. त्याचे लाकडी कोरीव खांब आजही बुधवार-सदाशिवाच्या गर्दीत माणसाला थबकवितात. जेथे पेशवा राहत होता तेथे तो बिठूरला गेल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत न्याय, व्याकरण, ज्योतिष यांचे पाठ सुरू झाले, तेही पेशव्याच्याच दक्षिणेच्या पैशांवर, आणि साहेबाच्या हुकमाने. इतिहासाला विनोदाची फारशी आवड नसते म्हणतात. मला तसे वाटत नाही.

पुढे त्या दक्षिणेवरून पुण्यात बराच गदारोळ झाला. 1849 साली लोकहितवादींसारख्या काही नव्या मंडळींनी मागणी केली, की या निधीचा काही भाग मराठीत ग्रंथ लिहिणारांना द्यावा. जुन्या मंडळींनी आकाशपाताळ एक केले. पण काळ बदलला होता. 1851 साली हिंदू कॉलेज आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून 'पूना कॉलेज' झाले. शास्त्री एका दालनात आणि शेक्सपिअर दुसऱ्या दालनात अशी ती वेळ होती. एडविन अर्नोल्ड हा तरुण इंग्रज कवी याच काळात पुण्यास प्रिन्सिपॉल होऊन आला. बुद्धचरित्रावरच्या ज्या काव्याने पुढे त्याचे नाव सगळ्या इंग्लंडात झाले, ते त्याने स्वदेशी परतल्यावर लिहिले. तथापि संस्कृताचा नाद त्याला लागला तो पुण्यातच.

आता जमशेटजींकडे वळू. हे गृहस्थ 1783 साली जन्मले. लहानपणीच आईबाप गेले. जुन्या बाटल्यांच्या धंद्यातून 'बाटलीवाला' हे नाव त्यांना चिकटले, आणि पुढे कापूस व अफू यांच्या चीनशी चालणाऱ्या व्यापारात त्यांनी अमाप संपत्ती मिळविली. अफूचा उल्लेख टाळून त्यांचे चरित्र लिहिण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. त्या काळच्या मुंबईचे कितीतरी वैभव याच मालावर उभे राहिले, आणि ज्या हातांनी तो पैसा मिळविला त्याच हातांनी तो इस्पितळाला, धर्मशाळेला, शाळेला आणि नदीच्या बंधाऱ्याला दिला. पुण्याच्या कॉलेजला नवी इमारत व्हावी म्हणून त्यांनी एक लाख रुपये दिले. 1859 साली ते वारले. त्या वेळी येरवड्याच्या माळावर एक चिराही बसला नव्हता.

पायाचा दगड बसला 1864 साली, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते. त्याच साली 'डेक्कन कॉलेज' हे नाव रूढ झाले. नकाशा काढला हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअराने. मुंबईचे जुने सेक्रेटरिएट त्याचेच. पुण्याचे ससून हॉस्पिटल आणि लष्करातले लाल देऊळ हीही त्याचीच. विल्किन्सला टोकदार कमानीचे भारी वेड. विलायतेत थंड हवेसाठी शोभणारी ती गॉथिक पद्धत त्याने दख्खनच्या उन्हात आणली. पण तो व्यवहारी होता. कमानींमागे त्याने रुंद ओवऱ्या सोडल्या. उन्हाळ्यात त्या ओवऱ्यांतून चालताना गॉथिक की मराठी हा वाद मनात येत नाही, सावली आहे एवढेच कळते. 23 मार्च 1868 रोजी कॉलेज येथे राहावयास आले. पूल आदल्याच वर्षी तयार झाला होता.

गावापासून इतक्या दूर कॉलेज नेण्याचे कारण काय असावे? मोकळी हवा हे एक. लष्कराचे सान्निध्य हे दुसरे. पण याचा परिणाम असा झाला की विद्यार्थ्यांना तेथेच राहणे भाग पडले. शहरात राहणारा विद्यार्थी संध्याकाळी घरी जातो, आईच्या हातचे जेवतो आणि पुन्हा घरचा होतो. नदीपलीकडे राहणारा विद्यार्थी रात्री कोठे जाणार? खोलीत दिवा लावून बसणार, नाहीतर मित्राच्या खोलीत जाऊन गप्पा मारणार. सरकारने वर्ग बांधले ते पदवीधर तयार व्हावेत म्हणून. वसतिगृह बांधताना मात्र तेथे काय तयार होईल याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

बळवंतराव टिळक या वसतिगृहात आले ते 1873 साली. पहिल्या वर्षी त्यांनी पुस्तके बाजूला ठेवली आणि तालीम, पोहणे यांना वाहून घेतले. प्रकृती कृश, ती सुधारल्याशिवाय अभ्यासात अर्थ नाही असा त्यांचा हिशेब. वर्ष गेले, परीक्षाही गेली. शरीर मात्र जन्मभर पुरले, आणि पुढच्या आयुष्यात त्यांना किती तुरुंगवास सोसावा लागला हे पाहिले म्हणजे तो हिशेब चुकला होता असे कोण म्हणेल? औषधाच्या बाटल्यांवर जगणाऱ्या सोबत्यांच्या बाटल्याच ते फेकून देत, अशी गोष्ट सांगतात. 1876 साली ते बी. ए. झाले, पण आवार सोडले नाही. कायद्याच्या अभ्यासासाठी तेथेच राहिले.

त्याच आवारात गोपाळ गणेश आगरकर होते. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा हा मुलगा. दारिद्र्य इतके की अंगात एकच सदरा, तो रात्री धुवून वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच चढवून वर्गात जावयाचे. एक गणिती, दुसरा तत्त्वज्ञानाचा भोक्ता. एकाला गीतेची ओढ, दुसऱ्याला मिल्लची. स्वभावात साम्य शोधू गेले तर हट्टीपणाखेरीज दुसरे सापडत नाही. 1879 साली हे दोघे रात्र रात्र बोलत असत. विषय एकच, शिकून करावयाचे काय? सरकारी नोकरी दोघांनाही मिळण्यासारखी होती. ती घ्यावयाची नाही आणि शाळा काढावयाची, असे त्या बोलण्यातून ठरले. गंमत म्हणजे त्या रात्रींचे वर्णन आपल्याला वाचावयास मिळते ते तुरुंगामुळे. कोल्हापूर प्रकरणात दोघे 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात एकाच खोलीत होते. तेथल्या 101 दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले, त्यात डेक्कन कॉलेजातील त्या बोलण्याची आठवण आहे. मोकळ्या आवारातल्या गप्पा कोंडलेल्या खोलीत आठवाव्यात हे स्वाभाविकच होते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हेही याच कॉलेजचे. त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि 1880 च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले. त्यातून 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि 1885 च्या 2 जानेवारीस फर्ग्युसन कॉलेज. म्हणजे सरकारने बांधलेल्या वसतिगृहाच्या एका खोलीतून बिनसरकारी कॉलेज जन्मास आले. फर्ग्युसनला स्वतःची दगडी इमारत मिळाली ती 1895 साली. त्याच वर्षी जूनमध्ये तेथले प्रिन्सिपॉल आगरकर गेले. टिळक तर त्याआधी पाच वर्षे सोसायटी सोडून गेले होते. मित्रांची ताटातूट झाली, शाळा आणि कॉलेज मात्र वाढत राहिले.

येरवड्याच्या माळावर कॉलेजनंतर थोड्याच वर्षांनी आणखी एक मोठी इमारत उठली, ती मध्यवर्ती तुरुंगाची. राजद्रोहाच्या पहिल्या शिक्षेत टिळक 1898 साली तेथे होते. तुरुंगातून कॉलेजचा मनोरा दिसत होता की नाही कोण जाणे. पण ज्या माळावर त्यांनी व्यायामाने शरीर कमावले होते, त्याच माळावर ते शरीर आता कोंडले गेले. आणि तेथेही ते काय करीत होते, तर ऋग्वेद वाचीत होते!

या काळात वर्गांतून काय चालले होते तेही थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर वाचकांचा समज व्हावयाचा की डेक्कन कॉलेजात फक्त रात्रीच अभ्यास होई. जर्मन पंडित कीलहॉर्न येथे संस्कृत शिकवीत असे. पतंजलीच्या महाभाष्याची त्याने सिद्ध केलेली आवृत्ती जगभरचे अभ्यासक आजही वापरतात. त्याच्यामागून रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1882 पासून 1893 पर्यंत येथे होते. इंग्रजीला सेल्बी साहेब. हरी नारायण आपटे याच कॉलेजात होते आणि गणितापायी पदवीवाचून बाहेर पडले. मराठी कादंबरीच्या दृष्टीने गणिताने हे मोठे उपकारच केले. नरसिंह चिंतामण केळकर येथले, इतिहासाचार्य राजवाडे येथले. नावे मोजू लागलो तर दिवाळी संपेल.

एवढे सगळे असूनही 1934 साली सरकारने हे कॉलेज बंद केले.

कारण सांगण्यात आले ते काटकसरीचे. जगभर मंदी होती, तिजोरी कोरडी होती, हे खरेच. पण कायदेभंगाची चळवळ नुकतीच होऊन गेली होती, आणि टिळकांचे कॉलेज चालविण्याचा सरकारला उत्साह उरला नव्हता हेही तितकेच खरे. शिवाय शहरात फर्ग्युसन होते, सर परशुरामभाऊ कॉलेज होते. दोन्ही खाजगी, दोन्ही भरभराटीत. जेथे लोक आपल्या पैशाने कॉलेजे चालवितात तेथे सरकारने वेगळे कशाला चालवावे, असे कोणाही हिशेबनिसाला वाटावे. येथे मन थोडे कष्टी होते. ज्या फर्ग्युसनची कल्पना या वसतिगृहात निघाली, त्याची भरभराटच आता या वसतिगृहाच्या मुळावर आली होती. खोल्यांना कुलपे लागली. ओवऱ्या रिकाम्या झाल्या.

येथे साधारणपणे अशा गोष्टी संपतात. इमारत एखाद्या कचेरीला जाते, जुने विद्यार्थी वर्षातून एकदा जमून उसासे टाकतात, आणि पन्नास वर्षांनी कोणी तरी तिच्यावर लेख लिहितो. डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी उसासे टाकले नाहीत. ते कोर्टात गेले. त्यात बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांसारख्या माणसांची खटपट मोठी होती. भांडणाच्या मुळाशी प्रश्न साधा होता. हे कॉलेज सरकारचे आहे का? सरकारने बांधले, सरकारने चालविले, म्हणून सरकारने मोडावे, हे सरळ दिसते. पण बांधताना त्यात एका नागरिकाचा लाख रुपया घेतला होता आणि तो घेतला होता उच्च शिक्षणासाठी. पैसा देणारा 1859 साली गेला म्हणून पैशाचा उद्देश जात नाही. ज्याने दान स्वीकारले तो त्याचा मालक होत नाही, विश्वस्त होतो.

आपल्याकडे देवळाच्या इनामाविषयी ही गोष्ट खेड्यातला माणूसही जाणतो. देवाची जमीन पुजारी विकू लागला तर गाव उठते. कॉलेजच्या बाबतीत असे उठावे हे मात्र नवीन होते. शंभर वर्षांपूर्वी पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा साहेबाने घेतला आणि त्याचे पुढे काय करावयाचे ते त्याने एकट्याने ठरविले. तेव्हा विचारणारे कोणी नव्हते. या खेपेस विचारणारे होते, आणि ते त्याच कॉलेजात शिकलेले होते. सरकारच्या पदरी राहून नोकरी करण्यासाठी ज्यांना इंग्रजी आणि कायदा शिकविला, त्यांनीच तो कायदा सरकारपुढे उघडून धरला.

कोर्टाच्या मध्यस्थीने अखेर मार्ग निघाला. 17 ऑगस्ट 1939 रोजी कॉलेजची दारे पुन्हा उघडली. मुंबई इलाख्यात त्या वेळी बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते. पण उघडले ते जुने कॉलेज नव्हे. बी. ए. चे वर्ग गेले ते गेलेच. त्यांच्या जागी पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधन यांची संस्था आली. भाषाशास्त्र, पुरातत्त्व, इतिहास, समाजशास्त्र हे तिचे विषय. पंधरा दिवसांत युरोपात महायुद्ध पेटले. त्या धामधुमीत येरवड्याच्या माळावर चार विद्वान जुन्या ओवरीत टेबले मांडीत होते याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे.

ती माणसे कोण होती, पहा. इराच तारापोरवाला पहिले संचालक; जमशेटजींच्याच समाजातले, अवेस्ता आणि संस्कृत दोन्ही जाणणारे. हसमुख सांकळिया पुरातत्त्वाला. नाशिक, जोर्वे, नेवासे येथे त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी जे खणून काढले त्यामुळे महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या मागे कित्येक शतके गेला. त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासाला. आणि इरावती कर्वे. त्यांचे सासरे धोंडो केशव कर्वे यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकविले होते, आणि सून आता फर्ग्युसनच्या मातृगृही आली होती. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई पुष्कळांना ठाऊक असतात. पण गावोगाव हिंडून माणसांची डोकी आणि नात्यांच्या वेली मोजणाऱ्या बाईंची नोकरी या दगडी इमारतीत होती हे सगळ्यांना ठाऊक नसते.

1939 सालीच साताऱ्याहून दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचा ऐतिहासिक संग्रह या आवारात आणला गेला. कागदपत्रे, चित्रे, नकाशे. ज्या संस्थेचा जन्म पेशव्याने सोडलेल्या वाड्यात झाला, तिच्या कपाटांत मराठेशाहीचे दप्तर येऊन बसले.

आवार शंभर एकरांहून मोठे. नव्या इमारती पुष्कळ झाल्या. त्यांविषयी सांगण्यासारखे थोडे. 1990 साली संस्थेला विद्यापीठाचा अभिमत दर्जा मिळाला. 2021 साली हिंदू कॉलेजपासून मोजून दोनशे वर्षे झाली. टिळकांची खोली जपून ठेवलेली आहे आणि येणाराला ती दाखवितात. लहानशी खोली आहे. चार माणसे जमिनीवर बसून बोलू लागली तर भरून जाईल एवढीच.

पण मला विचाराल तर त्या खोलीइतकीच दुसरी एक जागा पाहावी. 1948 पासून येथे संस्कृत भाषेचा एक कोश होत आहे. वेदांपासून पुढच्या ग्रंथांपर्यंत दीड हजारांच्या आसपास ग्रंथ वाचून, एकेक शब्द कोठे कोणत्या अर्थाने आला त्याच्या चिठ्ठ्या करावयाच्या, त्या चिठ्ठ्या लावावयाच्या, आणि त्यांवरून शब्दाचे चरित्र लिहावयाचे, असे हे काम. एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या झाल्या. खणांच्या रांगाच्या रांगा. हस्ताक्षरे किती प्रकारची. काही लिहिणारे केव्हाच निवर्तले. पहिला भाग छापून निघावयास 1976 साल उजाडले. वाचून, छापून, शोधून तीन पिढ्या झाल्या, आणि पस्तिसाच्या आसपास भाग बाहेर पडले. ते सगळे अजून 'अ' मध्येच आहेत. 'आ' यावयाचा आहे.